वैद्यकीची बक्षिसे : कोलकात्यापासून लातूरपर्यंत

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की नांदेड आणि लातूर या दोन शहरांचे रूप पालटते. चौकाचौकांत फलक लागतात. त्यांवर ओळीने मुलामुलींचे चेहरे आणि प्रत्येकाच्या खाली एक आकडा असतो : ७२० पैकी इतके. मग सत्कार होतात, हार आणि पेढे येतात, कुठे रोख बक्षीसही दिले जाते. या मुलांनी अजून एकाही रुग्णाची नाडी धरलेली नसते, शवविच्छेदनाचे टेबल पाहिलेले नसते. म्हणजे वैद्यकीय शिक्षणातले पहिले आणि बहुधा सर्वांत गाजलेले बक्षीस ते शिक्षण सुरू होण्याआधीच देऊन झालेले असते.

ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विचित्र आहे असे आपल्याला वाटत नाही. पण वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना बक्षिसे देण्याची प्रथा या देशात सुरू झाली तेव्हा तिचा हेतू अगदी वेगळा होता. पुष्कळांतून हुशार मुलगा निवडावा म्हणून बक्षीस ठेवलेले नव्हते. मुळात मुलगा मिळावा म्हणून ते ठेवलेले होते.

१८३५ साली कोलकात्यात वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पाश्चात्त्य वैद्यकी शिकायची तर प्रेत चिरावे लागणार आणि प्रेताला हात लावला की जात जाणार, अशी ही अडचण होती. विद्यार्थ्यांना फी तर नव्हतीच, उलट विद्यावेतन द्यावे लागे. १८३६ मध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी दिली गेली असे सांगतात. त्याच वर्षी द्वारकानाथ ठाकूर (रवींद्रनाथांचे आजोबा) यांनी या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना बक्षिसे देण्यासाठी तीन वर्षे दरसाल दोन हजार रुपये देऊ केले. द्वारकानाथ व्यापारी होते, माणसाचे मन कशाने वळते हे त्यांना ठाऊक होते. घरच्यांचा रोष आणि गावाची निंदा पत्करून जो मुलगा हातात सुरी धरणार, त्याच्या पदरात काहीतरी ठोस पडले पाहिजे, एवढा साधा हा हिशेब होता. पुढे १८४५ साली चार विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी विलायतेला गेले, त्यांतील दोघांचा खर्चही द्वारकानाथांनीच केला.

मुंबईची गोष्ट याहून फार वेगळी नाही. तेथे १८२६ साली सरकारने एक वैद्यकशाळा काढली होती. शिकवणे देशी भाषांतून असे. ही शाळा १८३२ मध्ये बंद पडली. नंतर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या महाविद्यालयाची कल्पना उचलून धरली, पण १८३८ मध्ये ते वारले. त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी वर्गणी जमवली, सरकारने भर घातली आणि १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५१ मध्ये तेथून पहिली आठ मुले उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. त्यांत भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग होते.

भाऊ दाजींपाशी थोडे थांबायला हवे, कारण ते मुळात शिक्षक. गोव्यातील मांद्रे गावचा हा मुलगा मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत शिकला आणि तेथेच शिकवू लागला. वैद्यकीकडे वळण्याआधीच त्यांनी एक बक्षीस मिळवले होते. कच्छ आणि काठेवाडातील बालहत्येच्या, म्हणजे जन्मलेल्या मुली मारून टाकण्याच्या प्रथेवरील निबंधाचे ते बक्षीस होते. हे बक्षीस कसे होते ते पाहा. एक प्रश्न समाजापुढे ठेवला होता, त्याचे उत्तर छापील पुस्तकात नव्हते. माहिती गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा, आपले मत मांडायचे. पुढे डॉक्टर झाल्यावर भाऊ दाजींनी कुष्ठरोगावर देशी वनस्पतींचे प्रयोग केले, शिलालेख वाचले, नाणी जमवली. त्या निबंधामुळे ते असे झाले असे म्हणण्यात अर्थ नाही. पण ज्या प्रकारचे काम ते आयुष्यभर करणार होते, त्याच प्रकारच्या कामाचे त्यांना पहिले बक्षीस मिळाले, हे मात्र खरे.

महाविद्यालये स्थिरावली, मुलांची रांग लागली आणि बक्षिसाचे काम बदलले. मुलगा येण्यासाठी आता त्याला काही देऊ करायची गरज उरली नाही. आता आलेल्यांत वरचा कोण हे ठरवायचे होते. कुणा गव्हर्नराच्या, कुणा शेठजींच्या, कुणाच्या दिवंगत मुलाच्या नावे निधी ठेवले गेले आणि विषयवार पदके सुरू झाली. या काळातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमरेलीहून आलेले जीवराज मेहता ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होते. अखेरच्या परीक्षेत त्यांच्या गटाला खुली असलेली आठ बक्षिसे होती, त्यांतली सात त्यांनी एकट्याने मिळवली. आठवे त्यांना वाटून घ्यावे लागले आणि तेही वसतिगृहातील खोलीतल्याच सोबत्याबरोबर, काशिनाथ दीक्षित यांच्याबरोबर! मेहता पुढे लंडनला गेले, तेथेही एम. डी.ला त्यांनी सुवर्णपदक मिळवले. परत आल्यावर मुंबईच्या गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाचे आणि के. ई. एम. रुग्णालयाचे ते पहिले अधिष्ठाता झाले आणि १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री.

सात बक्षिसे एकालाच मिळाली यावरून मेहतांची बुद्धी दिसते, तशीच त्या बक्षिसांची घडणही दिसते. विषयांची नावे वेगळी असली तरी सगळी बक्षिसे कमीअधिक एकच गोष्ट मोजत असली पाहिजेत. आठ मोजपट्ट्यांनी आठ वेगळ्या गोष्टी मोजल्या असत्या, तर एकच माणूस सात ठिकाणी पहिला येणे अवघड होते. खोलीतल्या सोबत्याचे नावही त्याच यादीत यावे यातही थोडे काही आहे. रात्री दिवा एकच, पुस्तके बहुधा त्याच ढिगातली, एकमेकांना प्रश्न विचारायला माणूस समोरच. गुणवत्ता ही एकट्याच्या डोक्यात असते असे आपण धरून चालतो, पण तिला खोलीही लागते.

आणि पदक कोणाला मिळू द्यायचे, हा प्रश्न गुणांनीच सुटतो असेही नाही. १८९४ सालची कोलकात्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमधील घटना पाहा. हेमवती सेन नावाची विद्यार्थिनी परीक्षेत पहिली आली. लहानपणीच विधवा झालेली, हालअपेष्टांतून शिकलेली ही बाई होती. नियमाप्रमाणे सुवर्णपदक तिचे होते. मुलांनी त्याविरुद्ध गोंधळ माजवला. बाईला सुवर्णपदक म्हणजे काय! वर्तमानपत्रांत वाद झाला. शेवटी अधिकाऱ्यांनी तडजोड काढली. तिने सुवर्णपदकावरचा हक्क सोडावा, त्याऐवजी रौप्यपदक घ्यावे आणि दरमहा तीस रुपये घ्यावेत. हेमवतीबाईंनी ते मान्य केले. त्यांना पैशांची गरज होती आणि शिकायचे होते. त्यांच्या आठवणी कित्येक वर्षांनी छापून आल्या म्हणून हे आपल्याला माहीत झाले. सुवर्णपदकांच्या यादीत मात्र त्यांचे नाव सापडायचे नाही. तेव्हा महाविद्यालयाच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेली नावे वाचताना ती यादी सगळी खरी असली तरी पुरी असेलच असे नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आता मराठवाड्याकडे येऊ. वरच्या सगळ्या हकिकतीत नांदेड-लातूर कोठेच नाही, याचे कारण भूगोलाइतकेच राजकारणातही आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत १८४६ साली वैद्यकशाळा निघाली. शिक्षण उर्दूतून होते आणि शाळा काही कमी प्रतीची नव्हती. १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेवर जे प्रयोग झाले आणि ज्यांची चर्चा विलायतेतील लॅन्सेट या नियतकालिकात गाजली, ते याच शाळेच्या परिसरात, तिचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने झाले. पण नांदेडच्या मराठी बोलणाऱ्या मुलाला तेथे पोहोचायचे तर आधी भाषेची वेस ओलांडावी लागे आणि त्याआधी शाळेची, कारण खेड्यांत शाळाच मोजक्या होत्या. द्वारकानाथांसारखे कुणी बक्षीस लावले असते तरी ते घ्यायला दारापर्यंत कोण येणार होते?

मराठवाड्यातले पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली तेव्हाच्या औरंगाबादेत निघाले. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला दुसरे आले. नांदेडचे १९८८ मधले, आज ते डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाने ओळखले जाते. लातूर तर १९८२ पर्यंत जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते. तेथले शासकीय महाविद्यालय २००२ सालचे, त्याआधी दहा-बारा वर्षे एक खासगी महाविद्यालय सुरू झालेले होते. म्हणजे मुंबईत पहिली तुकडी बाहेर पडली त्यानंतर एकशे सदतीस वर्षांनी नांदेडला पहिली तुकडी आत शिरली. १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले. १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील वैद्यकीय पदव्या त्याच्याकडे गेल्या. पदकाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. पूर्वी विद्यापीठात पहिला येणारा मुलगा त्या भागातल्या चार-दोन महाविद्यालयांतून पहिला असे, आता तो साऱ्या राज्यातून पहिला यावा लागतो. पदके तेवढीच, स्पर्धक कितीतरी पटींनी जास्त.

पण लातूरचे नाव झाले ते महाविद्यालयाच्या आतल्या पदकांनी नव्हे, दाराबाहेरच्या यादीने. १९८० च्या दशकापासून राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालय येथील प्राध्यापकांनी बारावीच्या मुलांकडून ठरावीक पद्धतीने तयारी करून घ्यायला सुरुवात केली. सुटीत अभ्यासक्रम संपवायचा, मग सराव परीक्षा, उत्तरपत्रिका तपासून मुलाला दाखवायच्या, चूक कोठे झाली ते सांगायचे, पुन्हा परीक्षा. यात जादू काहीच नव्हती, शिक्षकांची मेहनत होती. उच्च माध्यमिक मंडळाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे दरवर्षी झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर झाला. ज्या भागाला मागासलेला म्हणून हिणवले जाई, तेथील शेतकऱ्यांची, शिक्षकांची मुले मुंबई-पुण्याच्या मुलांच्या पुढे गेली. हे यश कमी लेखणाऱ्याने मराठवाड्याचा इतिहास एकदा वाचावा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवरच होत असल्याने ही यादी म्हणजे जवळजवळ प्रवेशपत्रच होते. पुढे प्रवेशपरीक्षा आली, मंडळाने गुणवत्ता यादी प्रसिद्ध करणे थांबवले, ७० टक्के जागा त्या त्या विभागातील मुलांसाठी राखण्याची पद्धत २०२० मध्ये रद्द झाली. यादी गेली, पण क्रमांकाची ओढ गेली नाही. ती शिकवणी वर्गांच्या फलकांवर येऊन बसली, आणि आज नांदेडही यात लातूरच्या खांद्याला खांदा लावून आहे.

येथे विज्ञानशिक्षकाने विचारायचा प्रश्न असा : ही मोजपट्टी किती बारीक मोजू शकते? फुटपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतील तर तिने केसाची जाडी मोजता येत नाही, हे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो. परीक्षेच्या मोजपट्टीवरील सर्वांत लहान विश्वासार्ह खूण कोणती?

याचे एक जुने उत्तर आहे. सर फिलिप हार्टोग हे नाव काही वाचकांना ठाऊक असेल. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू, आणि भारतातील शिक्षणाचा आढावा घेणारी १९२९ ची समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९३५ मध्ये त्यांनी आणि ऱ्होड्स यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका घेतल्या, सगळ्यांना मूळ परीक्षेत एकसारखेच गुण मिळालेले होते. त्या परीक्षकांकडून तपासून घेतल्या. मग वर्ष-दीड वर्षाने त्यांपैकी चौदा परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला दिल्या. एकूण २१० निकाल. त्यांपैकी ९२ निकालांत त्याच परीक्षकाने त्याच उत्तरपत्रिकेला या वेळी वेगळी श्रेणी दिली. पूर्वी उत्तीर्ण ठरवलेला मुलगा अनुत्तीर्ण झाला, किंवा उलट.

यावर कोणी म्हणेल, म्हणून तर पर्यायांचे प्रश्न आले. यंत्र तपासते, यंत्राचा मूड बदलत नाही. खरे आहे. पण २०२४ च्या नीट परीक्षेत काय झाले ते पाहा. तेवीस लाखांहून अधिक मुले बसली. ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे सुरुवातीला ६७ निघाले. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात दोन विधाने होती. पहिले, अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो कारण त्यात धन आणि ऋण भार समान असतात. दुसरे, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. दुसरे विधान चूक आहे, कारण किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. पण एन. सी. ई. आर. टी.च्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत ‘प्रत्येक मूलद्रव्याचे’ असेच छापलेले होते, नव्या आवृत्तीत ते सुधारून ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ असे केले होते. जुने पुस्तक वाचलेल्यांवर अन्याय नको म्हणून दोन्ही उत्तरांना गुण दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, दिल्लीच्या आय. आय. टी.तील तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर असल्याचे सांगितले, आणि चार लाखांहून अधिक मुलांचे पाच पाच गुण गेले. चार त्या प्रश्नाचे, एक चुकीच्या उत्तराचा दंड. पहिल्या क्रमांकावरचे ६७ जण अखेर १७ उरले.

घरातल्या थोरल्या भावाचे जुने पुस्तक वाचून अभ्यास करणारा मुलगा कोणत्या घरातला असतो, हे शिक्षकांना सांगायला नको. तरीही मला यातून निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. युरेनियमचा अणू स्थिर नसतो हे त्या मुलांपैकी बहुतेकांना नक्की माहीत होते. त्यांनी ते आठवून पुस्तकातले वाक्य तपासून पाहिले नाही, इतकेच. आणि जी परीक्षा वाक्य ओळखायला शिकवते, तिच्या तयारीत वाक्यावर शंका घेणे परवडत नाही. (हा प्रश्न अकरावी-बारावीच्या वर्गात घालून पाहावा. उत्तरापेक्षा ‘पुस्तकात आहे ना, सर!’ हे किती जण म्हणतात ते मोजावे.) त्याच वर्षीच्या पेपरफुटीचा तपास लातूरपर्यंत आला आणि त्यात शिक्षकांवरही गुन्हा दाखल झाला, हे आपल्या व्यवसायाला लागलेले गालबोट आहे. बक्षीस एवढे मोठे झाले की त्याची चोरी करणेही फायद्याचे ठरते.

महाविद्यालयातल्या जुन्या पदकांचे मात्र उलटे झाले आहे, ती झिजत चालली आहेत. हे अक्षरशः घ्यावे. एक साधे गणित करू. समजा, १९७० मध्ये कुणी वडिलांच्या स्मरणार्थ पाच हजार रुपयांची ठेव ठेवली, व्याजातून दरवर्षी सुवर्णपदक द्यावे अशी अट घातली. सात टक्क्यांनी व्याज ३५० रुपये. तेव्हा दहा ग्रॅम सोने सुमारे १८४ रुपयांना मिळे, म्हणजे एकोणीस ग्रॅमचे घसघशीत पदक झाले. १९९० मध्ये दहा टक्के व्याज धरले तरी ५०० रुपये, आणि सोने दहा ग्रॅमला सुमारे ३,२०० रुपये. पदक दीड ग्रॅमचे. २०२० मध्ये सहा टक्क्यांनी ३०० रुपये, सोने सुमारे ४८,६०० रुपये. पदक साठ मिलिग्रॅमचे, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांच्या वजनाचे. म्हणून पदक चांदीचे किंवा पितळेचे होते, वर सोन्याचा मुलामा, आणि प्रमाणपत्रावर ‘सुवर्णपदक’ हा शब्द तसाच राहतो. व्याज आणि महागाई हे दोन्ही धडे शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

भाऊ दाजींना मिळाले तसे, प्रश्न शोधण्याचे बक्षीस वैद्यकीच्या विद्यार्थ्यासाठी पुढे नाहीसे झाले असे मात्र नाही. त्याचे सर्वांत दारुण उदाहरण पेरू देशातले आहे. तेथे डोंगरी खोऱ्यांत एक रोग होता, अंगावर रक्ताळ चामखिळी येत. रेल्वेच्या बांधकामावर मजुरांना एक जीवघेणा ताप येई, त्याला ओरोया ताप म्हणत. हे दोन वेगळे रोग आहेत की एकच? लिमातील वैद्यकीय अकादमीने १८८५ मध्ये चामखिळींच्या रोगावरील संशोधनाला बक्षीस जाहीर केले. दानिएल कारियॉन हा शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी त्यासाठी टिपणे जमवतच होता. २७ ऑगस्टला त्याने एका मुलाच्या चामखिळीतील रक्त स्वतःच्या दंडात टोचून घेतले. तीन आठवड्यांनी ताप आला. तो चामखिळींचा नव्हता, ओरोयाचा होता. दोन्ही रोग एकच होते हे सिद्ध झाले, आणि ५ ऑक्टोबरला कारियॉन गेला. पेरूमध्ये हा दिवस वैद्यकदिन म्हणून पाळतात. असे धाडस आज कोणी करू नये आणि कोणी करूही देणार नाही, मानवी प्रयोगांचे नियम त्यासाठीच आहेत.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली एम. बी. बी. एस.च्या विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची संशोधन शिष्यवृत्ती सुरू केली. विद्यार्थ्याने स्वतः विषय निवडायचा, एका मार्गदर्शकाच्या हाताखाली सुमारे दोन महिने काम करायचे आणि अहवाल द्यायचा. विषय मोठा असावा लागत नाही. एका वॉर्डात किती रुग्णांना पंडुरोग आहे, सर्पदंशाचे रुग्ण किती वेळाने दवाखान्यात पोहोचतात, असे काहीही चालते. नांदेड-लातूरच्या रुग्णालयांत असे प्रश्न रोज खाटेवर येऊन पडतात. पण या शिष्यवृत्तीचे फलक कोणत्या चौकात लागलेले माझ्या पाहण्यात नाहीत.

मराठवाड्यातच अशा कामाचा एक माणूस होऊन गेला नव्हे, आज आहे. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे हिंमतराव बावस्कर गरिबीत, कामे करून शिकले, नागपूरला एम. बी. बी. एस. झाले आणि रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे लाल विंचू चावून माणसे, विशेषतः मुले मरत. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले, घाम, नाडी, रक्तदाब तासातासाला लिहीत गेले. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरते. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे लॅन्सेटमध्ये छापली गेली. रक्तवाहिन्यांचे आकसणे रोखणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिले. शंभरातले चाळीसच्या आसपास रुग्ण दगावत, ते प्रमाण दोन-तीनच्या खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणजे लॅन्सेटमधील त्या पहिल्या लेखानंतर चाळीस वर्षांनी. प्राझोसिनची गोळी तोपर्यंत विंचवाच्या भागातील आरोग्य केंद्रांच्या कपाटांत केव्हाच जाऊन बसली होती.